पुंजूनं पसंत केलेला फोन

एका गावात एक भोळा नवरा होता. सगळेच नवरे भोळे असतात असं बायका म्हणणार नाहीत, पण याच्याबाबतीत गावातल्या बायकांचं एकमत होतं. नाव पुंजू. त्याला जे सांगाल ते तो करायचा. सांगाल तेवढंच करायचा. तिथंच सगळा घोळ व्हायचा.

त्याची बायको वेणूबाई. तिचे खापरावरचे मांडे तालुक्यात नावाजलेले. मांडा कसा करतात ते माहीत नसेल तर ऐका. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत परातीएवढा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. हात कोपरापर्यंत पिठात. आणि ऑर्डरी येणार फोनवर. मेला फोन नेमका मांडा हातावर झुलत असतानाच वाजायचा. म्हणून फोन पुंजूकडे.

पहिला फोन आला.

"वेणूबाई आहेत का?"

"आहेत," पुंजू म्हणाला आणि फोन ठेवला. विचारलं तेवढं सांगून झालं होतं.

वेणूबाईनं कपाळावर हात मारला. कपाळाला पीठ लागलं. "अहो, असं ठेवायचं नाही. विचारायचं. किती पाहिजेत, कधी पाहिजेत, कुठं पोचवायचे."

पुंजूनं मान डोलावली. पुंजूनं मान डोलावली की वेणूबाई मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची.

दुसरा फोन वेणूबाईच्या मावसभावाचा. तो रडत होता. "भाऊजी, आपले मामा गेले हो."

"किती?" पुंजूनं विचारलं.

"किती काय? एकच तर मामा होते."

"कधी पाहिजेत? कुठं पोचवायचे?"

"स्मशानात," मावसभाऊ म्हणाला आणि त्यानं फोन आपटला.

पुंजू चुलीपाशी गेला. "ऑर्डर आली. एकच नग आहे. स्मशानात पोचवायचाय."

मामांचे दिवस झाले, पण माहेरचे लोक वेणूबाईशी बोलेनात. आणि त्याच सुमारास बातमी आली की कापसाच्या जिनिंगवाल्या रमणशेठच्या मुलीचं लग्न ठरलंय, जेवणाला मांडे करायचे आहेत, तेही बाराशे. ही ऑर्डर मिळाली तर वेणूबाईच्या हाताखालच्या सात बायकांना पूर्ण लग्नसराई काम होतं. नाही मिळाली तर ती जाणार पलीकडच्या गावच्या कमलबाईकडे. कमलबाईच्या मांड्याला भोकं पडतात, सगळ्यांना माहीत आहे. पण ती पहिल्या घंटीला फोन उचलते.

सात बायका म्हणाल्या, "वेणूबाई, एक तर नवरा बदला नाहीतर फोन बदला."

वेणूबाईनं विचार केला. फोन बदलणं सोपं होतं. तालुक्याला एक दुकान होतं, तिथं धंद्यासाठी फोनची पूर्ण व्यवस्था बसवून देत. पण चुलीवरून उठणार कोण? पुंजूलाच धाडायचं ठरलं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "पहिलाच दाखवतील तो गळ्यात बांधून घेऊ नका. मागं आपण माझ्या भाच्यासाठी मुली बघितल्या ना, तसंच बघा. सगळी चौकशी करायची, मग पसंत करायचं."

पुंजूनं मान डोलावली.

पुंजू धुतलेला सदरा आणि टोपी घालून दुकानात गेला. खुर्चीवर बसला आणि वाट बघू लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पोहे नाहीत का?"

दुकानदार भला माणूस. त्यानं समोरच्या गाडीवरून पोहे मागवले. मग पहिला प्रकार दाखवला. एक पेटी आणि तिला जोडलेले चार फोन.

"भावंडं किती?" पुंजूनं विचारलं.

"चार येतात एकत्र. पाहिजे तर आठपर्यंत वाढतात."

"नको. आमच्या घरी आम्ही दोघंच. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात निभाव लागायचा नाही."

दुकानदारानं दुसरा प्रकार सांगितला. "हा बघा भाऊ, यात ठेवायला वस्तूच नाही. सगळं इंटरनेटवर चालतं."

"बघायला मिळणार नाही?"

"बघायला काहीच नाही."

"मुलगी न दाखवता लग्न लावणारे तुमच्यासारखे मीही पाहिलेत," पुंजू म्हणाला आणि पोह्यांवरची कोथिंबीर बाजूला सारली.

तिसरा प्रकार म्हणजे एक छोटं यंत्र. दुकानदारानं बटण दाबलं. आतून बाईचा आवाज आला. "नमस्कार. आपले स्वागत आहे. ऑर्डरसाठी एक दाबा. चौकशीसाठी दोन दाबा. आमच्याशी बोलण्यासाठी तीन दाबा." मग सनई वाजली.

पुंजू खूश झाला. "वळण चांगलंय. बोलणं मोजकं. वर गातेही." त्यानं यंत्राला जरा चालून दाखवायला सांगितलं. दुकानदारानं ते टेबलावर इकडून तिकडं सरकवलं. पायात काही दोष नव्हता.

"मग बांधू का?" दुकानदार म्हणाला.

"घरी जाऊन कळवतो," पुंजू म्हणाला आणि निघाला.

संध्याकाळी वेणूबाईनं विचारलं, "पसंत पडला का?"

"पडला. तिसरा."

"मग कुठंय?"

"बघायला गेल्या दिवशीच घेऊन येतात होय? काहीतरीच तुझं."

शेवटी वेणूबाईनं दुकानदाराला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः येऊन यंत्र बसवून गेला. हळदीकुंकू लावून पुंजूनं यंत्राला घरात घेतलं. आणि खरं सांगतो, यंत्र कामाचं निघालं. लोक एक दाबायचे, ऑर्डर सांगायचे. वेणूबाई मोकळी झाली की चार आकडी गुप्त क्रमांक दाबून निरोप ऐकायची. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे ज्याला फोन उचलायचा नसतो तोच सांगतो, पण लोकांना ते गोड लागतं. पुंजू दिवसभर यंत्रासमोर मांडी घालून बसायचा. आठ दिवसांत त्याला सगळं तोंडपाठ झालं.

नवव्या दिवशी रमणशेठचा निरोप आला. कमलबाईचे मांडे चाखून झालेत, उद्या सकाळी तुमच्याकडे येतो, चाखतो आणि तिथंच ऑर्डर पक्की करतो.

सात बायका पहाटेच आल्या. पुरण वाटलं, खापर तापलं. वेणूबाईनं पुंजूला दारात उभं केलं. "हे बघा, या सातजणींच्या पोटाचा प्रश्न आहे. शेठ आले की मी मांडा टाकत असेन. तुम्ही डोकं चालवू नका. आपलं यंत्र लोकांशी कसं वागतं, बघितलंत ना? अगदी तसं वागा."

पुंजूनं मान डोलावली.

शेठची जीप आली. शेठ उतरले, दारात आले. "काय पुंजू, बरं आहे ना?"

पुंजू ताठ उभा राहिला. नजर समोर, भिंतीवर. "नमस्कार. वेणूबाईंचे खापरावरचे मांडे येथे आपले स्वागत आहे. ऑर्डरसाठी एक दाबा. चौकशीसाठी दोन दाबा. वेणूबाईंशी बोलण्यासाठी तीन दाबा."

शेठ हसले. "थट्टा पुरे. बाजूला हो, आत जाऊ दे."

"क्षमस्व. आपण काहीही दाबलेले नाही," पुंजू म्हणाला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

शेठ मोठा माणूस, पण मांड्यासाठी आलेला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि पुंजूच्या सदऱ्याचं तिसरं बटण दाबलं.

"धन्यवाद. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. वेणूबाई दुसऱ्या ग्राहकाशी बोलत आहेत. आपण रांगेत पहिले आहात." एवढं बोलून पुंजूनं गाल फुगवले आणि तो तोंडानं सनई वाजवायला लागला.

आत वेणूबाईला सनई ऐकू आली. तिला वाटलं, कुणाचा तरी फोन चाललाय. ती निश्चिंत झाली. तिनं त्या दिवशी जो मांडा टाकला तसा तिच्या हातून जन्मात झाला नव्हता. पातळ, अखंड, वर तूप.

शेठ उन्हात उभे. घाम पुसून झाला. सनई थांबेना. त्यांनी तिसरं बटण पुन्हा दाबलं, मग पहिलं, मग सगळीच. सदऱ्याची दोन तुटली. शेवटी पुंजू म्हणाला, "निरोप ठेवण्यासाठी बीपनंतर बोला. टूं."

शेठ बोलले. "मी फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतो. मोबाइल बंद करतोय, आज मला कुठला फोन नको. चहा संपायच्या आत वेणूबाई स्वतः मांडा घेऊन आली तर बाराशे तिचे. नाहीतर मी तसाच पुढं कमलबाईकडं जातो."

"धन्यवाद. आपला निरोप नोंदवला आहे. आपला दिवस शुभ असो."

जीप गेली. वेणूबाई मांडा ताटात घेऊन बाहेर आली, मागं सातजणी. दारात कुणी नव्हतं. धूळ होती.

"शेठ आले होते? कुठं गेले? काय म्हणाले?"

"आपल्यासाठी एक नवीन निरोप आहे," पुंजू म्हणाला. "ऐकण्यासाठी आपला चार आकडी गुप्त क्रमांक दाबा."

"अहो, कसला क्रमांक? लवकर सांगा."

"तो गुप्त आहे."

वेणूबाई आता रडकुंडीला आली. तिनं यंत्राचा क्रमांक सांगितला.

"क्रमांक चुकीचा आहे."

तिनं लग्नाचं साल सांगितलं.

"क्रमांक चुकीचा आहे."

सातजणींतली एक पुढं झाली आणि तिनं पुंजूच्या छातीवर मुठीनं चार दणके दिले.

"क्रमांक चुकीचा आहे. आपण तीन वेळा चुकीचा क्रमांक दाबला आहे. सुरक्षेसाठी आपला निरोप पुसण्यात येत आहे." पुंजूनं डोळे मिटले. माणूस प्रामाणिक. पुसायचं म्हटल्यावर त्यानं खरोखरच पुसलं. थोडा वेळ लागला, मग डोळे उघडले. चेहरा अगदी स्वच्छ.

तिकडं फाट्यावर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

वेणूबाईनं ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. "तुमच्या पाया पडते. यंत्रबिंत्र सोडा. माणसासारखं सांगा, शेठ काय म्हणाले?"

"सोडलं," पुंजू म्हणाला. "कोण शेठ?"