एका पानाचा दंड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की हिवरदऱ्याच्या आमराईतला आजचा म्हातारा शेंदरी आंबा तेव्हा नुकता मोहरू लागला होता. त्या आमराईला येसबा नावाचा राखणदार होता. त्याच्या गोफणीनं पोपट उडून जाई, पण पोपटाचं पीसही दुखावत नसे, असं म्हणतात.

येसबाला गोष्टींचं भारी वेड. दर जत्रेतून तो एखादं पुस्तक आणी आणि खोपीत बसून वाचे. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि अक्षरं दिसेनाशी झाली. पुस्तकांची पेटी उशाशी, पण वाचायला कुणी नाही! गावची पोरं तर सुट्टी लागली की दप्तर माळ्यावर फेकून कैऱ्या चोरायला धावत. भरल्या विहिरीवर पोहऱ्यावाचून बसावं, तशी त्याची गत झाली.

एका दुपारी कोष्ट्यांची तानी त्याच्या हाती लागली. ओच्यात कैऱ्या, डोळ्यांत पाणी. येसबानं पेटी उघडून एक पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"रडतीस कशाला? दंड भर. एक पान वाच."

तानी अडखळत वाचू लागली. गोष्टीतली राजकन्या विहिरीत उतरली. तळाशी एक दार होतं. दार करकरलं आणि पान संपलं.

"पुढं?" तानीनं विचारलं.

"पुढं काय? दंड एका पानाचा. पळ आता."

रात्रभर तानीला ते दार दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झाडावर चढली. येसबाला ऐकू जावं म्हणून तिनं फांद्या गदागदा हलवल्या, वर खोकलीसुद्धा! हळूहळू सगळ्या पोरांना हे कळलं. "मला धर, मला धर" म्हणून राखणदाराच्या मागे लागणारे चोर जगात दुसरीकडे कुठे असतील?

पण गावात चहाडखोरही असतातच. आमराईचे मालक आबासाहेब यांच्या कानावर गेलं, की राखणदार आंधळा झालाय आणि पोरं झाडं ओरबाडतायत. येसबाला काढायचंच, असं ठरवून ते आले आणि स्वतः बघावं म्हणून शेंदरीमागे दडून बसले. येसबाला दुसरं घर नव्हतं. खोपी गेली असती, तर पेटी घेऊन तो कुठे जाणार होता?

तानी वाचत होती. राक्षस जागा झाला, राजकन्येचा दिवा विझला आणि पान संपलं.

"अगं, थांबलीस का? उलट की पान!" झाडामागून आवाज आला.

येसबानं आवाज ओळखला. तरी तो म्हणाला, "मालक, चोरून ऐकलंत. दंड पडतो."

आबासाहेबांनी मुकाट्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, गोणपाटावर मांडी घातली आणि एक पान वाचलं. मग दुसरं वाचलं. दिवेलागण झाली तरी ते उठेनात. येसबानं खोपी सोडायचा विषय त्यांनी कधी काढलाच नाही.

त्या वर्षी शेंदरी इतका लगडला, की फांद्या भुईला टेकल्या. वाचणाऱ्याच्या ओंजळीत आंबा आपसूक उतरे, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर राहू द्या. येसबा गेला, तेव्हा तानी त्याच्या उशाशी बसून वाचत होती. ते पान संपेपर्यंत आमराईत एकही पाखरू ओरडलं नाही, असंही म्हणतात.

अजून हिवरदऱ्यात सुट्टी लागली, की कुणीतरी म्हातारा रिकामी गोफण घेऊन शेंदरीखाली झोपेचं सोंग घेतो. पोरं कैऱ्या चोरतात, पकडली जातात आणि दंड भरतात. आणि एखाद्याला धरायचं चुकून राहिलंच, तर ते पोर ओचाभर कैऱ्या घेऊन रडत घरी जातं.