उन्हाळ्यात निभेल असं घर

डोंगरावरच्या एका गावात एक भोळा गवळी राहत होता. त्याचं नाव गोमाजी. त्या गावात वैशाखातसुद्धा लोक गोधडी पांघरून झोपत. त्यामुळे उन्हाळा ही गोष्ट गोमाजीने फक्त ऐकली होती.

त्याचं लग्न झालं ते खाली सपाटीवरच्या, वऱ्हाडातल्या कौतिकाशी. पुढे सासुरवाडीच्याच गावात त्याला दूध डेअरीत काम लागलं. राहायला डेअरीमागे टिनाची खोली मिळाली. चैत्र लागला तसं त्या खोलीत ठेवलेलं दूध आपोआप तापू लागलं. गोमाजीला आधी वाटलं, बरं झालं, सरपण वाचलं.

कौतिका बाळंतपणाला जवळच माहेरी गेली होती. तिला मुलगी झाली. बारसं झालं, तरी ती परत येईना. तिने नवऱ्याला सरळ सांगितलं, त्या टिनाखाली लेकराला आणणार नाही. उन्हाळ्यात निभेल असं घर घ्या, मग लेकीला घेऊन येते.

गोमाजीला वाईट वाटलं. दिवसभर त्याला लेकीची आठवण यायची. डेअरीतल्या म्हशीच्या पारडाशी बोलतानाही तो तिच्याशी बोलल्यासारखं बोलायचा. डोंगरावरच्या म्हशी विकून आलेला पैसा त्याच्यापाशी होता. घरच तेवढं बघायचं होतं.

"पण घर पाहू कसं?" त्याने विचारलं.

कौतिका म्हणाली, सकाळी कोणतंही घर गारच लागतं, घर भर दुपारी पाहावं.

"एवढंच ना? मग सोपं आहे," गोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दलालाने त्याला एका विकाऊ घराचा पत्ता दिला. गोमाजी भर दुपारी गेला आणि घरासमोर रस्त्यावर उभा राहून घर पाहू लागला. दार पाहिलं. खिडकी पाहिली. परत दार पाहिलं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ऊन चढत गेलं आणि गोमाजी पाहतच राहिला. शेवटी त्याला एका घराच्या जागी अनेक घरं दिसू लागली. त्यातलं कोणतं विकायचं आहे हे विचारायला तो पुढे झाला आणि धाडकन पडला. लोकांनी त्याच्या नाकाला कांदा लावला, कैरीचं पन्हं पाजलं आणि सासऱ्याच्या छपरीत आणून टाकलं.

शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "घर पाहिलं. लई तापते."

कौतिकाने कपाळाला हात लावला. घर बाहेरून पाहत नाहीत, तिने समजावलं. आत शिरावं. खाली फरशीवर जरा आडवं व्हावं, डोळे मिटावे. पाठीला गारवा लागला तर घर चांगलं.

"एवढंच ना? मग सोपं आहे."

पुढच्या घराचं दार उघडंच होतं. बाहेर बरीच माणसं गप्प उभी होती. गोमाजी त्यांच्यातून वाट काढत आत शिरला. बघतो तर बैठकीत फरशीवर एक म्हातारा आधीच डोळे मिटून आडवा झालेला. आपल्याआधी दुसरं गिऱ्हाईक येऊन पोचलं, हे पाहून गोमाजीचं तोंड उतरलं. पण त्याने धीर सोडला नाही. तो म्हाताऱ्याच्या शेजारी आडवा झाला. डोळे मिटले. पाठीला बरं वाटत होतं. खात्री करावी म्हणून त्याने म्हाताऱ्याच्या हाताला हात लावला. हात बर्फासारखा गार होता.

गोमाजी खूश झाला. हळूच म्हणाला, "काका, तुम्ही घेता का हे घर? नसन घ्याचं तर मी घेतो."

कोपऱ्यात बसलेल्या बाया रडायच्या थांबल्या. म्हाताऱ्याच्या मुलांनी गोमाजीला दोन्ही काखांत हात घालून उचललं आणि दाराबाहेर नेऊन टाकलं. जाता जाता तो त्यांना सांगत होता की घर फारच गार आहे, काकांना उठवतसुद्धा नाही.

संध्याकाळी कौतिकाने सगळं ऐकलं. तिला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. अशा ठिकाणी घर पाहत नाहीत, ती म्हणाली. गर्दी दिसली की खांद्यावरचा दुपट्टा डोळ्याला लावावा. घरच्या माणसाला म्हणावं, सोसा बापा, सगळ्यांलेच जावं लागते. मग निघताना डोक्यावरून पाणी घ्यावं आणि मुकाट्याने निघून यावं.

"एवढंच ना? मग सोपं आहे."

तिसऱ्या घरमालकाने शेजारी नवं घर बांधलं होतं, म्हणून तो जुनं विकत होता. गोमाजी गेला त्या दिवशी नेमकी नव्या घराची वास्तुशांत होती. मांडवात गर्दी होती. गोमाजीने गर्दी पाहिली आणि डोळ्याला दुपट्टा लावला. नवं धोतर नेसून, कपाळाला कुंकू लावून मालक हसत सामोरा आला. गोमाजीने त्याला घट्ट मिठी मारली.

"सोसा बापा," तो म्हणाला, "सगळ्यांलेच जावं लागते."

मालकाचं हसू मावळलं. त्याची आई तिथेच पाटावर बसली होती. वयाने ती बरीच थकली होती. ती गोमाजीकडे नीट बघू लागली. पण गोमाजी आता मुकाट होता, कारण मुकाट्याने निघायचं सांगितलं होतं. निघताना त्याला आचाऱ्यापाशी पाण्याचा मोठा ड्रम दिसला. गावात पाण्याची मारामार होती. तो ड्रम टँकरवाल्याच्या हातापाया पडून भरून घेतलेला होता. गोमाजीने बादली घेतली आणि डोक्यावरून पाणी ओतलं. गार वाटलं म्हणून आणखी ओतलं. ड्रमचा तळ दिसला तेव्हा तो निघाला. चुलीवरचा भात अर्धकच्चा राहिला, पाहुणे उपाशी राहिले आणि मालकाने जुनं घर विकायचंच नाही असं ठरवलं.

या वेळी कौतिकाला हसू आलं नाही. वैशाख जवळ आला होता. गावातल्या बायका तिला विचारू लागल्या होत्या, नवरा नेत का नाही म्हणून. ती चिडून म्हणाली, "उन्हाळ्यात लोकाच्या पाण्याले हात लावायचा नाही. दुसरा कोणी नासत असन तर त्याले बी लावू द्यायचा नाही. समजलं काय जी?"

गोमाजीला समजलं. त्याला नेहमीच समजत असे.

चौथं घर खरंच चांगलं होतं. जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर, मागे टाकं, आणि टाक्यात पाणी. मालकही मऊ स्वभावाचा होता. सौदा ठरल्यात जमा होता. गोमाजी टाक्यापाशी उभा राहून, लेकीला इथे आंघोळ घालू, असं मनात म्हणत होता. तेवढ्यात परसातल्या कुटाराच्या, गुरांच्या भुसकटाच्या ढिगाने पेट घेतला. वारा उन्हाळ्याचा. जाळ गोठ्याकडे सरकला. मालक, त्याची बायको, शेजारी, सगळे बादल्या घेऊन टाक्याकडे धावले.

गोमाजी टाक्याच्या झाकणावर बसला होता.

"पाण्याले हात लावायचा नाही," तो म्हणाला. "उन्हाळा आहे."

मालकाने हात जोडले. गोमाजी हलला नाही. लोकांनी त्याला ओढलं, तर त्याने झाकणाची कडी धरून ठेवली. एकटा माणूस पाण्याची एवढी राखण करतो हे एरवी कौतुकाचंच झालं असतं. गोठा जळाला, मागचं दार जळालं, निम्मं छप्पर खाली आलं. गुरं तेवढी कोणीतरी वेळेवर सोडली. मग गोमाजी उठला आणि मालकाला म्हणाला की तुमचं पाणी पूर्ण शाबूत आहे, मोजून घ्या.

त्या दिवसापासून दलालाने त्याला बघितलं की रस्ता बदलायला सुरुवात केली. गावात कोणी त्याला घर दाखवीना.

कौतिका रडली. लेकीला मांडीवर घेऊन बराच वेळ रडली. गोमाजीलाही रडू आलं. मग तिने डोळे पुसले आणि त्याला शेवटचं सांगितलं. अशा वेळी आधी माणसं बाहेर काढावी. मग सामान बाहेर काढावं. मग दारात आडवं उभं राहावं, कोणी कितीही रडलं तरी त्याला परत आत जाऊ देऊ नये.

"आन घर पाहाचं असन," ती म्हणाली, "तर माझ्या बाबाच्या घरासारखं पाहा. पश्चिमेले कडुलिंब आहे, आडाले पाणी आहे, भर वैशाखात लेकरू निवांत झोपते. अगदी असंच घर पाहिजे मले. दुसरं नाही."

गोमाजी विचार करत खोलीवर गेला. अगदी असंच घर गावात एकच होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो सासऱ्याकडे आला. सासरे भगवंतराव छपरीत लोडाला टेकून पंख्याने वारा घेत होते. गोमाजी आत गेला, फरशीवर आडवा झाला, डोळे मिटले. पाठ गार झाली. उठून बाहेर आला आणि भगवंतरावांसमोर बसला.

"मामाजी," तो म्हणाला, "मले हे घर आवडलं."

जावई आपल्या घराला नावाजतो आहे, म्हणून भगवंतरावांना बरं वाटलं. ते म्हणाले, "विचारता काय जवाईबापू, घर तुमचंच आहे."

गोमाजीने पैशाची पिशवी पुढे केली. भगवंतरावांनी ती मागे सारली. जावयाचा पैसा घेतला तर गाव तोंडात शेण घालेल, असं म्हणाले आणि पुन्हा वारा घेऊ लागले.

एवढ्या लवकर सौदा होईल असं गोमाजीला वाटलं नव्हतं. त्याला धन्य वाटलं. मग घर मिळाल्यावर काय करायचं ते त्याने आठवलं. त्याला शेवटचं सांगणं बरोबर आठवलं.

तो दारात उभा राहून ओरडला, "बाहेर निघा! सगळे बाहेर निघा!"

सासूबाई लोणच्याचे हात तसेच घेऊन बाहेर पळाल्या. कौतिका लेकीला छातीशी धरून धावली. भगवंतरावांचं धोतर सुटता सुटता राहिलं. शेजारी धावले. आग लागली असं समजून त्यांनी कोणी काही न विचारता सामान काढायला हात लावला. पाळणा निघाला, रांजण निघाला, गाद्या निघाल्या, लोणच्याच्या बरण्या निघाल्या. बघता बघता सगळं घर रस्त्यावर आलं. मग गोमाजी उंबरठ्यावर चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभा राहिला.

"आग कुठी आहे?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"कायची आग? मी घर घेतलं," गोमाजी म्हणाला.

लोक भगवंतरावांकडे बघू लागले. भगवंतराव आपल्या रांजणाकडे बघत होते. रस्ता तव्यासारखा तापला होता. कौतिका पदराने लेकीला झाकत पुढे आली.

"अवो, आत येऊ द्या. पोरगी उन्हात आहे."

गोमाजीचा जीव कळवळला. त्याने डोक्याचा दुपट्टा सोडून लेकीवर सावली धरली. पण दारातला पाय काढला नाही.

"कोणी किती बी रडलं तरी आत जाऊ द्याचं नाही," तो मायेने म्हणाला. "तूच सांगतलं ना? आता आपलं घर झालं कौतिका. अगदी तुले पाहिजे तसंच."

तेव्हा भगवंतराव पुढे झाले. म्हातारा माणूस, पाय भाजत होते. त्यांनी जावयापुढे हात जोडले.

"जवाईबापू, घर तुमचं तर तुमचं. पण निदान तोंडानं एकदा म्हणा, की मामाजी, हे घर तुमचंच समजा. म्हंजे आम्ही आत येतो."

गोमाजीने चौकटीच्या दोन्ही बाजू आणखी घट्ट धरल्या.

"तसं मी म्हणत नाही मामाजी," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाले, आन तुमचं घर गेलं."