नवशीचा ओहळ

फार मागची गोष्ट, आपल्या पणज्यांच्याही पणज्यांनी ऐकलेली. तेव्हा कुसरवाडीच्या डोंगरावर कोळशाच्या भट्ट्या पेटायच्या. पेटता पेटता त्यांनी सगळं रान खाल्लं. रान गेलं, माती वाहून गेली, आणि मग ओहळही आटला. माणसं गाव सोडायची भाषा बोलू लागली.

त्याच साली नवशी वरच्या वाडीत सून म्हणून आली. हसरी, दणकट बाई. ती म्हणाली, "मी नाही जायची. आत्ताच तर आलेय!" आणि घळीत उतरून दगडांचे बांध रचू लागली.

सासू काठावरून ओरडली, "अगं, दगड रचून पाणी येतं होय?"

"येवो न येवो, आत्याबाई. माती तरी थांबेल!"

पहिल्याच पावसानं बांध वाहून नेले. नवशी पोटभर रडली आणि पुन्हा दगड उचलायला लागली. ते बघून सासूनं पदर खोचला. सासूमागं सगळी वाडी उतरली. असं म्हणतात, की तेव्हा दगडही हलके झाले, आणि धनेश पक्षी चोचीतून उंबराच्या, जांभळाच्या बिया आणून बांधाआड टाकू लागले.

झाडं वाढली, सावली दाटली. मग एका भर उन्हाळ्यात खडक पाझरला. गाईमागं वासरू यावं, तसा ओहळ उड्या मारत नवशीमागं निघाला, असं म्हणतात. वाडीत ढोल वाजले.

पण खालच्या वाडीच्या अलीकडं काळा कातळ आहे, त्याच्या भेगांत पाणी जिरलं. नवशीनं विनवलं, दटावलं. ओहळ पुढं येईना. भट्ट्यांनी करपलेल्या पूर्वेच्या उतारावर लावलेलं एक रोपही जगलं नाही. "आमचं नशीबच कोरडं," म्हणत खालच्या माणसांनी गाठोडी उचलली.

नवशी वाटेत आडवी उभी राहिली. "पाणी खाली येत नाही ना? मग तुम्ही पाण्याला वर या! पहिले हंडे तुमचे."

डोक्यावरची गाठोडी जमिनीला टेकली, ती कायमचीच.

पुढं नवशी म्हातारी झाली. एका दुपारी ओहळात पाय सोडून बसली आणि हसता हसता पाणीच झाली, असं म्हणतात.

आजही उन्हाळ्यात खालच्या वाडीचे हंडे भरल्याशिवाय वरची बाई घागर बुडवत नाही. आणि दर पावसाळ्यात दोन्ही वाड्या नवशीच्या नावानं पूर्वेच्या उतारावर रोपं लावतात. एकही जगत नाही. तरी गाणी म्हणत, एकमेकींना चिखल फासत लावतात. यंदाही जायचंच आहे. कुदळी तिथं आहेत. भाकर तेवढी बांधून आणा.