तारवाच्या लाकडाचा बिल्ला

फार पूर्वी, महापूर जमिनीवरून ओसरला होता पण माणसांच्या मनातून ओसरला नव्हता, त्या काळी इस्का नावाची एक मुलगी डोंगर उतरून शिनारच्या सपाट मुलखात आपल्या गावी परत निघाली.

महापुरात मोजक्या माणसांना वाचवणारे तारू, म्हणजे ते मोठे जहाज, ज्या डोंगरावर टेकले होते, तिथे ती सात वर्षे शिकत होती. तिला शिकवणारी म्हातारी स्वतः त्या तारवातून उतरलेली. तिच्या केसांना अजून डांबराचा वास येई, असे लोक म्हणत.

वाटभर इस्का गावाचे स्वप्न पाहत चालली. तिला वाटले होते, प्रत्येक घराला आभाळाकडे उघडणारी खिडकी असेल. सर पडून गेली की लोक हातातली कामे टाकून बाहेर येतील, ढगातले सात रंगांचे धनुष्य पाहतील आणि लेकरांना कडेवर घेऊन सांगतील, "ते बघ देवाचं वचन. पृथ्वी पुन्हा कधी बुडणार नाही."

ती गावात शिरली, तर सगळ्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या.

गावाच्या मधोमध एक बुरूज उभा होता. तो इतका उंच होता, की त्याची सावली सकाळी गावाच्या एका टोकाला उठायची आणि घराघरावरून सरकत संध्याकाळी दुसऱ्या टोकाला निजायची. वरचे मजले धुक्यात हरवलेले. बगळ्यांची रांग त्याच्या कमरेभोवती वळसा घालून जात होती. स्वप्नात दिसावा तसा तो सुंदर होता, आणि त्याच्याकडे पाहता पाहता इस्का दोन पावले मागे सरली.

"हा कशाला, बाबा?" इस्काने विचारले. तिचे वडील बुरुजाच्या कामाचे मुकादम होते.

"पुन्हा पूर आला तर चढून बसायला."

"पण देवाने वचन दिलंय ना!"

वडील हसले. "दिलंय खरं. पण पाणी गळ्याशी आलं की वचनावर बसून पोहणार आहेस का? हे घे, गळ्यात घाल." त्यांनी तिच्या हातात बोटभर लांबीची लाकडाची चीप ठेवली. तारवाच्या जुन्या फळ्या डोंगरावरून आणून, चिरून, गावाने त्यांचे बिल्ले केले होते. ज्याच्या गळ्यात बिल्ला, त्यालाच बुरुजात जागा.

"आणि ज्यांच्याकडे नाही ते?"

बुरुजाचा दारवान शेजारीच दात कोरत बसला होता. तो म्हणाला, "बुरूज उंच आहे पोरी, रुंद नाही. तारवात तरी देवाने कुठे सगळ्यांना घेतलं होतं? आठच तर माणसं!"

आजूबाजूचे लोक खो खो हसले. इस्काला म्हातारीचे बोल आठवले. तारवाच्या दाराची गोष्ट निघाली की म्हातारीचा आवाज बसायचा. "ते दार आमच्यापैकी कुणी लावलं नाही गं, देवानेच लावलं," ती म्हणायची. "आमच्या हातून लागलंच नसतं."

बिल्ला नसलेले लोक खालच्या वस्तीत राहत, नदीच्या अगदी काठाला. विटांसाठी चिखल तुडवायचे काम त्यांचे. सगळा बुरूज त्यांच्या पायांखालून वर गेला होता, पण बिल्ले वाटताना त्यांची आठवण कुणाला झाली नाही. एकदा विटा कमी पडल्या, तेव्हा मुकादमाच्या माणसांनी त्यांच्याच घरांच्या मागच्या भिंती काढून नेल्या. तिथे आता चटया लोंबत होत्या, आणि वारा आला की सगळी वस्ती श्वास घेतल्यासारखी हलायची.

त्या वस्तीत आदामावशी राहायची. इस्काची आई गेली तेव्हा तिनेच इस्काला वाढवले होते. इस्का धावत गेली, तेव्हा मावशी गुडघाभर चिखलात उभी होती.

"आलीस? लांबच राहा हो! एवढी शिकून आलीस, पायाला चिखल लागला तर विद्या उतरायची."

इस्का तशीच चिखलात उतरली आणि तिच्या गळ्यात पडली.

वस्तीतल्या प्रत्येक घराचा एक दोर खजुराच्या झाडाला बांधलेला तिला दिसला. पूर आला की झाडावर चढायचे आणि स्वतःला बांधून घ्यायचे, एवढाच त्या लोकांचा बुरूज.

इस्काचे रक्त तापले. त्या दिवसापासून ती विहिरीवर, भट्टीपाशी, बाजारात, जिथे चार माणसे दिसतील तिथे बोलू लागली. "देव खोटं बोलत नाही! खिडक्या उघडा! त्या लोकांच्या भिंती परत करा!" लोक मान डोलवायचे आणि पुढे जायचे. "डोंगरावरची हवा डोक्यात गेलीय," म्हणायचे. कुणी म्हणाले, "देवाने वचन दिलं तेव्हा दिलं. आता त्याचंही वय झालं असेल, विसरला तर?"

गावात एकाच माणसाने तिचे ऐकले. आदामावशीने एके दिवशी खजुराचा आपला दोर सोडून आणला आणि त्याने शेळी बांधली.

"मावशी, तुझा विश्वास बसला?" इस्काचे डोळे चमकले.

"मला बाई आभाळातलं वाचता येत नाही. तुझं तोंड तेवढं वाचता येतं, तान्ही होतीस तेव्हापासून. तू म्हणतेस पूर येणार नाही, म्हणजे नाही येणार."

पुढे एका दुपारी इस्का मावशीजवळ विटा पालथ्या घालत बसली होती. वारा पडला. नदी शिशासारखी दिसू लागली. क्षितिजावरून एक ढग उठला, जांभळा, काळा, सावकाश चालणाऱ्या डोंगरासारखा. मग बुरुजावरून शिंग वाजले आणि आभाळ कडाडले.

काय झाले ते इस्काला कळले नाही. तिच्या तोंडात 'देवाचं वचन' हे शब्द होतेच, पण तिचे पाय पळत सुटले होते. वीट हातातून पडली. तिने मागे वळून पाहिले नाही. गावातले सगळे रस्ते बुरुजाकडे वाहत होते, आणि त्या लोंढ्यात तीही होती, एका मुठीत बिल्ला घट्ट धरून.

"बिल्ला!" दारवान ओरडला. तिने दाखवला. ती आत गेली.

"लोटा! दार लोटा! खालचे लोक येतायत!" कुणीतरी ओरडले. दहा खांदे दाराला भिडले. त्यांतला एक खांदा इस्काचा होता. दार जड होते, फटीत काहीतरी अडले, सगळ्यांनी पुन्हा जोर केला आणि दार लागले. बाहेर कुणीतरी कळवळले. मग सगळे गडगडाटात बुडून गेले.

आत अंधार होता आणि शेकडो माणसांचा श्वास होता. पाऊस पडला. हांडीभर मसूर शिजायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच पडला आणि थांबला.

दार उघडले. अंगणात टाचही बुडणार नाही एवढे पाणी होते. समोर, ओल्या सपाट मुलखावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, सात रंगांचे धनुष्य उभे होते. त्याचा उजेड डबक्यांत, विटांवर, माणसांच्या तोंडांवर पडला होता. कुणीही वर पाहिले नाही. लोक बिल्ले सरळ करत घरी निघाले.

दाराला टेकून आदामावशी बसली होती. उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता, झोपलेले लेकरू ठेवावे तसा. त्याची चार बोटे दारात चिरडली होती.

इस्का तिच्यासमोर बसली. "मावशी, तू कशाला आलीस? मी सांगितलं होतं ना, पूर येणार नाही!"

"सांगितलं होतंस गं." मावशीच्या आवाजात राग नव्हता, हेच इस्काला सोसवेना. "ढग आला तेव्हा मी नाहीच घाबरले. म्हटलं, गडगडू दे. मग तुझं तोंड बघितलं. तू पळालीस, म्हणून मी पळाले. दोर तर मी शेळीला बांधला होता."

वडील मागे येऊन उभे होते. "झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण बिल्ला नसताना यायचंच कशाला?"

इस्काने मावशीचा हात धुतला, स्वतःची ओढणी फाडून बांधला आणि तिला घरी नेले. चटईच्या भिंतीतून धनुष्याचे उरलेसुरले रंग आत येत होते. डोंगरावर सात वर्षांत हजारदा ऐकलेले म्हातारीचे एक वाक्य तिला तिथे पहिल्यांदा कळले. "माणसाचा विश्वास त्याच्या तोंडात बघू नकोस. आभाळ दाटलं की त्याच्या पायांत बघ." ते दुसऱ्यांसाठी आहे, असेच तिने आजवर धरले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, बुरुजाची सावली अजून पुरती उठलीही नव्हती तेव्हा, इस्का दारापाशी आली. तिने गळ्यातला बिल्ला काढला. दार ज्या दगडी खोबणीत फिरायचे, तिथे तो पाचरीसारखा घातला आणि दगडाने ठोकू लागली. तारवाचे लाकूड ते, दीडशे दिवस पाण्यात राहून न कुजलेले. ते खोबणीत असे बसले, की दार जिथे उघडे होते तिथेच रुतले.

दारवान डोळे चोळत धावत आला. "अगं वेडे! आता हे मिटायचं नाही!"

"नाहीच मिटायचं."

आवाज ऐकून वडीलही आले. त्यांनी दाराकडे पाहिले, मग तिच्या उघड्या गळ्याकडे. हळूच म्हणाले, "आणि पुढचा ढग येईल तेव्हा तू कुठे असशील, पोरी?"

"खाली. चिखलात. मावशीच्या जागेवर."

"पाय पळाले तर?"

"पाय थरथरतील, बाबा. पण ती माझं तोंड बघत असेल."

ती वस्तीकडे उतरली, घागरा खोचला, आणि मावशी रोज जिथे उभी राहायची तिथे गार चिखलात पाय रोवून कामाला लागली.

तात्पर्य: देवाच्या वचनावर ज्याचा भरवसा नसतो, तो आपल्यापुरता बुरूज बांधतो आणि दुसऱ्याच्या बोटांवर दार लावतो. विश्वासाच्या गोष्टी सांगणाऱ्याने आधी आपले पाय जागेवर ठेवावेत. कारण त्याच्या भरवशावर कुणीतरी आपला दोर सोडलेला असतो.