लहानूची ताय ची आणि हौसाची गोधडी

एका गावात एक भोळा म्हातारा होता. त्याचं नाव लहानू. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. अडचण एवढीच, की ती कुठं करायची आणि कुठं नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागे. आणि ते सांगायचं सगळ्यांच्या राहून जाई.

त्याच्या बायकोचं नाव हौसा. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. लेक गरोदर होती आणि नातवंडाची गोधडी अर्धी शिवून पडली होती. सुई ओवून द्यायला लहानू होता, पण टाका कुठं पडतो ते हौसाला दिसेना.

रविवारी तालुक्याला डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. गावच्या डॉक्टरांनी आधी बीपी मोजलं आणि मान हलवली.

"आजी, बीपी फार चढलंय. असंच राहिलं तर तिथं डोळ्याला हात लावणार नाहीत. आठवडाभर मन शांत ठेवा."

"मन शांतच आहे," हौसा म्हणाली. "यांना कुठंतरी ठेवायला जागा द्या."

गावात एक नर्सबाई होत्या. शहरात तीस वर्षं नोकरी करून परतलेल्या. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर म्हाताऱ्या माणसांकडून त्या ताय ची करून घ्यायच्या. ही चीनकडची कसरत. धावायचं नाही, घाम गाळायचा नाही. सावकाश हात फिरवायचे, सावकाश पाय टाकायचे, की जीव निवांत होतो. हौसाला मैदानापर्यंतची वाट दिसत नव्हती. म्हणून लहानू गेला.

सोमवारी नर्सबाई म्हणाल्या, "कमरेएवढ्या पाण्यातून चालतोय असं समजा. हळू. अगदी हळू."

लहानूनं मान हलवली. समजलं.

घरी आला तर चुलीवर दूध वर येत होतं. "अहो, दूध बघा," हौसा आतून म्हणाली. लहानू निघाला. एक पाय उचलला, पुढं ठेवला. मग दुसरा उचलला. तो चुलीपाशी पोचला तेव्हा दूध चुलीत होतं आणि पातेलं काळं झालं होतं.

"कमी झालं का गं बीपी?" त्यानं विचारलं.

हौसानं चाचपत पातेलं खाली उतरवलं.

मंगळवारी त्यानं हे नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो लहानूभाऊ, तिथं हळू नाही. वर चढतंय असं दिसलं की झटकन खाली उतरवायचं."

लहानूनं मान हलवली. समजलं.

दोन दिवस गल्लीतली वीज गेली होती. परतताना त्याला वायरमन शिडीवरून खांबावर चढताना दिसला. लहानू धावला. त्यानं वायरमनचे पाय कवळले आणि त्याला झटकन खाली उतरवलं. वायरमन पुन्हा चढला. लहानूनं पुन्हा उतरवला. तिसऱ्या खेपेला वायरमन शिडी खांद्यावर टाकून तालुक्याला निघून गेला. हौसाचा पंखा बंदच राहिला.

"कमी झालं का गं?"

"चढलं," हौसा म्हणाली. "उतरवा आता झटकन."

बुधवारी नर्सबाई म्हणाल्या, "माणसाच्या कामात मध्ये पडायचं नाही. तो काम करत असला, की आपण झाडासारखं उभं राहायचं. हात गोल, गुडघे सैल, तोंड बंद."

लहानूनं मान हलवली. समजलं.

दुपारी एक भंगारवाला आला. परसात तांब्याचा बंब होता, हौसाच्या आईनं दिलेला. "काका, हा नेऊ का?" त्यानं विचारलं. लहानू झाडासारखा उभा राहिला. झाड काय बोलणार? भंगारवाल्यानं आपली पिशवी लहानूच्या हाताला अडकवली, दोन्ही हातांनी बंब उचलला, सायकलला बांधला. मग पिशवी काढून घेतली आणि "उपकार झाले, काका" म्हणून गेला.

हौसा त्या दिवशी रडली. बंबासाठी थोडी, आणि बरीचशी गोधडीसाठी. "माझा डोळा काही होत नाही आता," ती म्हणाली.

गुरुवारी लहानू खाली मान घालून मैदानावर गेला. नर्सबाईंनी विचारलं, "शिकवलेलं सगळं हौसाबाईंकडून करून घेताय ना?"

"तिच्याकडनं कशाला?"

"म्हणजे?"

"ती वटपौर्णिमेला उपास करते, आयुष्य मला लागतं. तसं ताय ची मी करतोय, निवांतपणा तिला लागंल."

नर्सबाई खाली बसल्या. दोन लांब श्वास घेतले. "उपासाचं तसं असेल," त्या म्हणाल्या. "याचं तसं नाही. ज्याचं दुखणं, त्यानंच करायचं. घरी जा, तिचे दोन्ही हात धरा आणि तिला बरोबर घेऊन सावकाश फिरवा. हात सोडायचे नाहीत."

लहानूनं मान हलवली. समजलं.

तीन दिवस त्यानं हौसाचे हात सोडले नाहीत. अंगणात दोघं सकाळ-संध्याकाळ हात फिरवत. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "म्हातारपणी फुगडी घालताय का, मावशी?" हौसाला हसू आलं. जेवायला तेवढा एक हात ती मागून घेई. लहानूचे हात तिच्या हातात असल्यामुळं तीन दिवस घरात काहीच घडलं नाही. रविवारी बीपी उतरलं.

हौसाचा उजवा डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस सुईदोरा नाही."

हौसानं गोधडीकडं बघितलं. लहानू म्हणाला, "मी शिवतो. तू पडून राहा."

त्या आठवड्यात नर्सबाई मैदानावर सांगत होत्या, "रेशमाचा धागा ओढताय असं समजून हात फिरवा. एक हालचाल संपली, की तिथूनच दुसरी सुरू. थांबायचं नाही. धागा तुटू द्यायचा नाही."

लहानूनं मान हलवली. समजलं.

आठव्या दिवशी दुपारी हौसा झोपली होती. लहानू तिच्याशेजारी शिवायला बसला. टाका सावकाश घालत होता, एकसारखा. सूत सरत आलं, की त्यालाच पुढचं जोडत होता. गोधडी संपली. पण थांबायचं नव्हतं. पुढं हौसाचा पदर पसरला होता. तो शिवला. पदर संपला तिथं उशी होती. उशीपुढं चटई. चटईवर लहानूचं स्वतःचं धोतर.

तेवढ्यात शेजारीण फोन घेऊन आली. "मावशी, नात झाली. कालच घरी आणली."

हौसा उठली. तिच्यामागोमाग गोधडी उठली, उशी उठली, चटई उठली आणि लहानू उठला.

हौसानं नव्या डोळ्यानं टाके बघितले. सगळे सरळ होते. तिला तसे कधी जमले नव्हते.

"कात्री आणा," ती म्हणाली.

"तोडायचं नाही म्हणाल्यात बाई."

बाहेर एस.टी.नं हॉर्न दिला. लेकीच्या गावाला दिवसातून ही एकच गाडी होती. दोघं तशीच निघाली. कंडक्टरनं चटईकडं बघितलं, लहानूकडं बघितलं आणि दोन तिकिटं फाडली.

लेकीनं गोधडी पसरली. बाळ मध्ये निजवलं. एका बाजूला आजी बसली, एका बाजूला आजोबा. बाळ जागं होईल म्हणून कात्रीचं नाव कुणी काढलं नाही.

थोड्या वेळानं बाळानं गोधडी ओली केली. लेकीच्या सासूनं बाळ लेकीकडं दिलं, गोधडी उचलली आणि धुवायला नदीवर निघाली.

मागून आजी-आजोबा निघाले.

"हळू," लहानू म्हणाला. "अगदी हळू."