ओट्याखालचा अंधारा कोपरा

एकदा एका ओट्याखालच्या कोपऱ्यावरून गुरू आणि शिष्या यांचे चांगलेच वाजले. गुरू म्हणजे नाना पांचाळ, पन्नास वर्षे लाकडात घालवलेले वृद्ध सुतार. शिष्या म्हणजे शलाका. गृहसजावटीची पदविका पदरात असूनही, लाकडाला हात लावल्याशिवाय लाकूड कळत नाही एवढी अक्कल जिला आपणहून आली होती, अशी तिशीची मुलगी. नानांकडे तिला तीन वर्षे झाली होती. एका स्वयंपाकघराचे काम नानांनी प्रथमच सबंध तिच्यावर सोपवले होते, आणि ते नीट उतरले तर पुढची कामे तिने स्वतंत्रपणे घ्यायची असे ठरले होते. त्यामुळे ती कामाला लागली ती पदर खोचूनच.

घर होते श्रीपतराव आणि इंदुमतीबाई या सत्तरीच्या दांपत्याचे. ओटा काटकोनात वळलेला. ज्यांच्या घरी असा ओटा आहे, त्यांना मी निराळे काय सांगावे? वळणाखाली जो कोपरा उरतो, त्याचे दार वीतभर आणि आत गुहा. पुढे ठेवलेले हाताला लागते. मागे सरकलेले देवाघरी गेले म्हणून समजावे.

दांपत्याच्या परदेशातल्या लेकीने शलाकाला फोनवर बजावले होते, "आईला त्या कोपऱ्यातलं काहीही हवं असलं की बाबांना हाक मारावी लागायची. आता ती भानगडच नको. तिचं तिला सगळं निघायला हवं."

शलाकाने आठ दिवस त्या एका कोपऱ्याचा ध्यास घेतला. खांबाभोवती फिरणारे गोल ट्रे तिने पाहिले. फिरायचे झकास, पण चौकोनी जागेत गोल वस्तू बसवली की कडेची जागा फुकट. दाराबरोबर बाहेर येणारे अर्धगोल ट्रे पाहिले. त्यांना जड भांडी पेलेनात. अखेर तिला मॅजिक कॉर्नर सापडला. दार ओढले की पुढची जाळी बाहेर येऊन बाजूला सरकते, आणि अंधारातली मागची जाळी आपोआप दारात येऊन उभी राहते. दुकानात तिने ते दार इतक्या वेळा ओढून पाहिले की शेवटी विक्रेताच म्हणाला, "मॅडम, जरा राहू द्या आता."

नानांनी चित्र पाहिले. "छान आहे," म्हणाले.

"मग मागवू?"

"आधी त्या कोपऱ्यात काय राहतं, ते बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे त्या घरी गेले. नानांनी टेप काढलीच नाही. ते एका स्टुलावर बसले आणि त्यांनी चहा मागितला. ओट्याच्या आखूड बाजूपलीकडे भिंत नव्हती. तिकडे जेवणाचे टेबल होते आणि ओट्याखालच्या कपाटाच्या पाठीला लागून श्रीपतरावांची खुर्ची. ते वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे निदान उघडून तरी बसले होते. अर्ध्या तासात त्यांनी पान उलटले नाही, हे शलाकाच्याही ध्यानात आले.

"काकू, या कोपऱ्यात काय असतं?" नानांनी विचारले.

"पुरणयंत्र, मोदकपात्र, मोठं पितळी पातेलं. सणावाराचं सगळं. हेच काढून द्यायचे. पार कंबरेपर्यंत आत शिरायचे हो, नुसते पाय बाहेर! मी बॅटरी धरायची आणि हे आतून मलाच ओरडायचे, की एवढं कुणाला लागतं." बोलता बोलता इंदुमतीबाई हसू लागल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता हाक मारली की हे उठायला बघतात आणि कळवळतात. म्हणून मी हाक मारायचीच सोडली. पुरणपोळ्या विकतच्या आणते."

"आम्हाला काय," पेपरामागून आवाज आला, "आता कुणी विचारत नाही."

"ऐकलंत? असंच चाललंय यांचं," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि उगाच साखरेचा डबा पुसू लागल्या.

नाना उठले. त्यांनी श्रीपतरावांना खुर्चीतून न उठता हात खाली सोडायला सांगितले आणि जमिनीपासून त्यांच्या तळहातापर्यंतची उंची मोजली. बाकी काही मोजले नाही.

कामाच्या दिवशी शलाका थोड्या उशिराने पोचली आणि दारातच थबकली. नानांनी कोपऱ्याचे दार काढून टाकले होते आणि त्या जागी प्लायवूडची अखंड फळी ठोकून तो कोपरा स्वयंपाकघराच्या बाजूने कायमचा बंद केला होता.

"नाना! हे काय केलंत? कोपरा मोकळा करायला बोलावलंय आपल्याला, पुरायला नाही! काम माझं होतं ना?"

"होतं. म्हणून तर मी फक्त फळी ठोकली. पुढचं तू करायचंस," नाना शांतपणे म्हणाले आणि तिला ओट्याला वळसा घालून टेबलाच्या बाजूला घेऊन गेले. तिथे कपाटाच्या पाठीवर पेन्सिलीने एक चौकोन आखलेला होता. "इथून काप. साधा खोल ड्रॉवर कर, पण तो ज्यावर सरकतो ते चॅनेल जड वजन पेलणारं घे. आणि वरची कड या रेघेच्या वर जाऊ देऊ नकोस."

ती रेघ श्रीपतरावांच्या तळहाताच्या उंचीची होती.

शलाका फुरंगटली, पण काम तिने मनापासून केले. वाईट काम करणे तिच्या हाताला येतच नव्हते. संध्याकाळी ड्रॉवर बसला. सणाची सगळी भांडी त्यात गेली. शेगडीपुढे उभ्या असलेल्या इंदुमतीबाईंना त्यातले एकही दिसत नव्हते की हाताला लागत नव्हते. त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग सवय मोडलेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, पुरणयंत्र देता का?"

श्रीपतरावांनी बसल्या जागेवरून हात खाली घातला. ड्रॉवर अलगद बाहेर आला. त्यांनी यंत्र काढले, त्याला कुठे गंज धरला आहे का ते चष्मा सावरून पाहिले आणि ओट्यावरून पलीकडे दिले. "जाळी बारीक लाव. मागच्या वेळी पुरणात डाळ राहिली होती."

"मागच्या वेळी? दोन वर्षं झाली त्याला! आणि डाळ मुळीच राहिली नव्हती!"

मग दोघांची जी जुंपली, ती ऐकत नाना हत्यारे आवरू लागले. शलाकाने भुसा झाडून गोळा केला. जिना उतरल्यावर तिने विचारले, "नाना, मॅजिक कॉर्नर वाईट होता का?"

"छे गं. एकट्या बाईचं घर असतं, तर मी तोच बसवला असता. पण लेकीनं तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आईला त्रास नको आणि हाक नको. तू त्या दोन्ही एकच धरल्यास. त्रास काढायचा होता पोरी, हाक ठेवायची होती."

"हे तुम्हाला कसं सुचलं?"

नाना पायरीवर टेकले. 

"मी स्वतःच्या घरी असं स्वयंपाकघर केलं होतं की गावातले लोक बघायला यायचे. माझ्या बायकोला वाकावं लागू नये, चढावं लागू नये, कशासाठी थांबावं लागू नये. सगळं तिच्या हाताच्या अंतरावर. तेरा वर्षं ती त्यात वावरली. तेरा वर्षांत तिनं मला एकदाही आत बोलावलं नाही. तिला गरजच पडली नाही ना. मी बाहेरच्या खोलीत बसून स्वतःच्या कामाचं कौतुक करत होतो. ती गेल्यावर मी पहिल्यांदा आत जाऊन उभा राहिलो, तेव्हा तिची चहापूड कुठल्या डब्यात असते, तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

वरच्या मजल्यावरून श्रीपतरावांचा आवाज आला, "आणि मोदकपात्र नको का?" इंदुमतीबाई काहीतरी फणकारल्या आणि पाठोपाठ दोघेही हसले.

माणसांची सोय करावी, जरूर करावी. पण त्या सोयीने कोणाला कोणाची गरजच उरणार नाही असे तर होत नाही ना, तेवढे आधी पाहून घ्यावे.

फाटकाशी हत्यारांची पेटी ठेवलेली होती. शलाकाने ती उचलण्यासाठी हात घातला. एकटीला सहज पेलेल इतकीच ती जड होती. तिने हात मागे घेतला आणि वळून म्हणाली, "नाना, जरा हात लावता का?"