चिंबोरीच्या दारात मोटार

ओल्या ओल्या रेतीत, समुद्राच्या अगदी काठाला राहायची एक चिंबोरी. चिंबोरी म्हणजे खेकड्याची पोर. बोराएवढी. चालायची कशी? तिरकी तिरकी, तुरुतुरु.

रेतीत तिचं बीळ होतं. गोल गोल दार, आत गार गार. भरती आली की चिंबोरी आत जायची आणि रेतीचा गोळा दाराला लावायची. मग लाट ओरडेना का बाहेर.

एक दिवस चिंबोरी गेली खाऊ शोधायला. परत येते तर काय, दारात मोटार. जुनी हिरवी मोटार, डोळे वाटोळे. मोटारीचं चाक बरोबर चिंबोरीच्या दारावर.

चिंबोरीने बाजूने उकरलं. खर्र खर्र खर्र. नांगी लागली कशाला तरी. टण्ण.

"अगबाई, दगड," चिंबोरी म्हणाली. आणि उकरायचं सोडून दिलं.

तिकडून लाट आली. सळ्ळ. लाट म्हणाली, "चिंबोरे, घरात जा. मी मोठी होतेय. बाहेर राहिलीस तर नेईन तुला माशांच्या गावाला."

चिंबोरी घाबरली. मोटारीला म्हणाली, "मोटारबाई, मोटारबाई, सरक ना. घर माझं उघडेना."

मोटार खोकली. खुक खुक खुक. "सरकते की. पण प्लगदादा पेटू दे. तो ठिणगी देतो, तेव्हा मी चालते."

चिंबोरी चाकावरून वर चढली. तिरकी तिरकी, तुरुतुरु. बॉनेट उघडंच होतं. गेली आत.

"प्लगदादा, प्लगदादा, पेट ना.
मोटार काही हलेना,
घर माझं उघडेना."

प्लग म्हणाला, "फुस्स. पेटतो की. पण बॅटरीमावशी भरू दे. तिच्या पोटातली वीज मला लागते."

चिंबोरी गेली बॅटरीकडे. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"बॅटरीमावशी, बॅटरीमावशी, भर ना.
प्लग काही पेटेना,
मोटार काही हलेना,
घर माझं उघडेना."

बॅटरी म्हणाली, "भरते की. पण डायनॅमोमामा फिरू दे. तोच मला वीज भरवतो. बघ, पोट कसं खपाटीला गेलंय."

लाट आली. सळ्ळ. शिंपल्यांपर्यंत आली.

"डायनॅमोमामा, डायनॅमोमामा, फिर ना.
बॅटरी काही भरेना,
प्लग काही पेटेना,
मोटार काही हलेना,
घर माझं उघडेना."

डायनॅमो म्हणाला, "फिरतो की. पण पट्टेकाका ओढू दे. मी काय आपला आपण फिरतो?"

पट्टेकाका तर लोंबत होते. लुळुलुळु, लुळुलुळु.

"पट्टेकाका, पट्टेकाका, ओढा ना.
डायनॅमो काही फिरेना,
बॅटरी काही भरेना,
प्लग काही पेटेना,
मोटार काही हलेना,
घर माझं उघडेना."

पट्टा म्हणाला, "ओढतो की. पण नटुल्या आवळू दे. तो ढिला, म्हणून मी ढिला."

नट होता इवलासा, चिंबोरीएवढाच. खुळखुळ खुळखुळ हलत होता.

"नटुल्या, नटुल्या, आवळ ना.
पट्टा काही ओढेना,
डायनॅमो काही फिरेना,
बॅटरी काही भरेना,
प्लग काही पेटेना,
मोटार काही हलेना,
घर माझं उघडेना."

नट म्हणाला, "आवळतो की. पण आप्पांना पिळू दे. मोटार त्यांचीच."

आप्पा आजोबा खाली वाकून काहीतरी शोधत होते. माई आजी मोटारीत बसून चहा ओतत होत्या.

माई म्हणाल्या, "तरी म्हटलं होतं, मोटार माडाखाली लावा. पण नाही. ह्यांना पाय न भिजवता समुद्र बघायचा."

आप्पा म्हणाले, "चहा दे."

"चहा कसला? ढकला मोटार."

"ढकलली तर आणखी रुतते."

लाट आली. सळ्ळ. आप्पांचे पाय भिजले.

"आप्पा आजोबा, आप्पा आजोबा, पिळा ना.
नट काही आवळेना,
पट्टा काही ओढेना,
डायनॅमो काही फिरेना,
बॅटरी काही भरेना,
प्लग काही पेटेना,
मोटार काही हलेना,
घर माझं उघडेना."

आप्पा म्हणाले, "पिळतो की. पण पाना मिळू दे. मघाशी मडगार्डवर ठेवला होता."

"ठेवलात तेव्हाच म्हटलं, घसरेल," माई म्हणाल्या.

चिंबोरी म्हणाली, "पाना म्हणजे काय हो, आजोबा?"

"लोखंडाचा असतो. लांब लांब, गार गार. ठोकला की वाजतो टण्ण."

"टण्ण?" चिंबोरी म्हणाली. "टण्ण?"

आणि धावली. तिरकी तिरकी, तुरुतुरु. चाकाच्या बाजूला उकरलं. खर्र खर्र खर्र. टण्ण.

तो दगड नव्हताच. तो पाना होता.

आप्पांनी पाना घेतला आणि पिळला. किर्र किर्र.
आप्पांनी पिळलं, नट आवळला.
नट आवळला, पट्टा ताठ झाला.

मग आप्पांनी मोटारीच्या तोंडात हँडल घातलं आणि फिरवलं. घर्र. काही नाही. पुन्हा फिरवलं. घर्र घर्र घर्र.

पट्टा ओढू लागला, डायनॅमो फिरला. गरगर गरगर.
डायनॅमो फिरला, बॅटरी भरली. गुडगुड गुडगुड.
बॅटरी भरली, प्लग पेटला. चट् चट् चट्.
प्लग पेटला, मोटार हलली. धडधड धडधड.

माई आतल्या आत स्टिअरिंगच्या चाकापाशी सरकल्या. "मी घेते मागे. तुम्ही आणखी पाण्यात घालाल."

मोटार मागे गेली. घर उघडलं.

मोठी लाट आली. सळ्ळ्ळ. चिंबोरी धावली, तिरकी तिरकी, तुरुतुरु, बिळात शिरली, आणि रेतीचा गोळा दाराला लावला. गप्प.

लाट दारावर येऊन म्हणाली, "चिंबोरे, चिंबोरे, बाहेर ये ना."

आतून चिंबोरी म्हणाली, "येते की. पण ओहोटी होऊ दे."

मोटार माडाखाली, चिंबोरी बिळात, आणि आमचं बाळ पांघरुणात.